'ल'च्या पुढची नावं

झिनाईदा पाव्हलोव्हना तेवीस वर्षं रशियातल्या कुंगूरच्या गणनकेंद्रात प्रोग्राम लिहीत होती. स्वतःची चूक ती स्वतःच आधी सांगायची.

युद्धात पडलेल्या गावकऱ्यांच्या स्मारकासाठी तिनेच यादी छापून दिली होती. सोमवारी पाथरवट नावं कोरायला घेणार होता. शुक्रवारी म्हातारी मार्फा ल्यादोवा त्या यादीचा कागद घेऊन तिच्यासमोर येऊन बसली.

"झिना, आमचा गोर्देय कुठाय गं? का अजून चालतच येतोय?"

नावं 'क'पाशीच संपली होती. झिनाला आठवलं, खाली एक सुटा 'ल' उमटला होता. छपाईचा डाग समजून तिनेच तो पात्याने खरवडून टाकला होता.

"तो 'ल' तुमच्या भावाचा होता, मार्फा येगोरोव्हना. मीच खोडला."

"अगं, एक अक्षर आलं होतं बिचाऱ्याचं, तेवढं तरी ठेवायचंस!"

झिनाने प्रोग्राम उघडला. फाईलच्या शेवटी खुणेचं अक्षर असं काही नसतं. वाचायला काही उरलं नाही, की संगणकाची यंत्रणा तसं कळवते आणि तो निरोप प्रोग्रामच्या हाती 'उणे एक' होऊन येतो. झिनाने अक्षर आणि निरोप दोन्हींसाठी संगणकाच्या स्मृतीत एकच, अक्षराएवढं घर ठेवलं होतं. जुन्या यंत्रावर ते सात वर्षं खपून गेलं. यंत्र प्रत्येक अक्षर आकडा म्हणून साठवतं, आणि नव्या यंत्रात ते आकडे बदलले. रशियन वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराला, 'या'ला, दोनशे पंचावन्न मिळाला. त्या लहान घरात तो हुबेहूब 'उणे एक' दिसतो. ल्यादोव लिहिताना 'ल'नंतर हेच 'या' येतं, आणि यादीत ते पहिल्यांदा इथेच आलं होतं. प्रोग्रामला वाटलं, फाईल संपली.

"म्हणजे यंत्र चुकलं?" मार्फाने विचारलं.

"नाही. मी." रशियनमध्ये 'मी' म्हणायलाही तेच एक अक्षर लागतं.

तिने घर मोठं केलं. एका शब्दाचा बदल. मग पाथरवटाला फोन करून थांबायला सांगितलं. नव्या यादीत एक्क्याण्णव नावं वाढली होती. या खेपेला तिचा यंत्रावर भरवसा नव्हता, आणि स्वतःवर तर नव्हताच. ती मूळ नोंदवहीशी ताडून मोठ्याने वाचू लागली.

"ल्यादोव, गोर्देय येगोरोविच."

मार्फाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले, पण ती उठली नाही.

"तुम्हाला उशीर होईल, आजी. तुमचं नाव आलं."

"तू वाच. पुढच्यांचं विचारायला कोण येणारे?"