अक्काचं ‘येस’

आमच्या जळगावच्या ख्रिस्ती मंडळीत ज्याच्या त्याच्याकडे तारणाचा एक दिवस होता. कुणाला आजारपणात प्रभू भेटला, कुणाला बोदवड स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघताना. दारू सोडलेले एक काका साक्ष द्यायला उभे राहिले की आम्ही पोरं सरसावून बसायचो. त्यांच्या साक्षीत मारामारी होती, विहीर होती, आणि दर खेपेला विहीर थोडी खोल होत जायची.

मला असला दिवसच नव्हता. ख्रिस्ती घरात जन्मले, पाळण्यात गीतं ऐकली, शब्बाथ शाळेत वचनं पाठ केली. हरवायला कधी सवडच मिळाली नाही. आणि आमच्याकडे साक्ष दिल्याशिवाय बाप्तिस्मा मिळत नसे. पाळकसाहेब सगळ्यांसमोर विचारत, तू प्रभूकडे कधी आलीस? उत्तर पटलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. बारावीनंतर मी नर्सिंगला धुळ्याला जाणार होते आणि जायच्या आधी मला बाप्तिस्मा हवा होता. अगदी मनापासून हवा होता, पण खोटं सांगून नको होता. धाकट्या भावाने केळीच्या बागेतला साप सुचवून पाहिला. ते नसेल तर स्टोव्हचा भडकाही त्याच्याकडे तयार होता.

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. तिचं आयुष्य धुळ्याकडच्या खेड्यात गेलेलं. नवरा वारल्यावर माझ्या वडिलांनी तिला आमच्याकडे आणलं. वडील डाळमिलमध्ये कामाला, घर दोन खोल्यांचं, पण अक्का आल्यापासून ते मला मोठं वाटायला लागलं. तिची प्रार्थना तव्यापुढे, उघड्या डोळ्यांनी चालायची. डोळे मिटले तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करपते आणि करपलेली भाकरी देवबापालाही आवडायची नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पाळकसाहेब नगरकडचे. फार मायाळू माणूस, पण अक्काची अहिराणी त्यांच्या डोक्यावरून जायची. पहिल्याच भेटीत त्यांनी तिलाही विचारलं की प्रभूकडे कधी आलात. ती म्हणाली, "मी येस." साहेब खूश झाले. खेड्यातली बाई चक्क इंग्रजीत हो म्हणते, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की कधी आणि कुठे हे विचारायचं राहूनच गेलं. मग दर रविवारी दाराशी तिचे हात हातात घेऊन ते विचारायचे, काय अक्का, येस? अक्काही मान डोलवून येस म्हणायची. आम्ही घरची माणसं हसून बेजार व्हायचो. पण साहेबांचा तो आनंद मोडायचा धीर कुणाला झाला नाही.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी अक्का भाकरी थापत होती. मी तिच्यापाशी रडकुंडीला येऊन बसले आणि माझ्याकडे दिवसच नाही म्हणून सांगितलं. तिला अडचणच कळेना. साहेबांना मी जे सांगते तेच तूही सांग, म्हणाली. मी म्हटलं, अगं, ते त्यांना इंग्रजीतलं हो वाटतं. तिचा हात परातीतच थांबला. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिची समजूत अशी की साहेब दर रविवारी येणं चालू आहे ना, एवढंच विचारतात. मग ती पुन्हा थापायला लागली.

"मी ते रोज येस," ती म्हणाली. "आजून वाट शे." म्हणजे अजून चालायची वाट आहे.

रविवारी प्रश्न आला तेव्हा मी उभी राहिले. मी म्हटलं, मी येस. साहेब हसले. बेटा, हो की नाही ते विचारलं नाही, कधी ते सांग, म्हणाले. मंडळीत खसखस पिकली.

"साहेब, आमच्या अक्काच्या बोलीत येस म्हणजे येते," मी म्हटलं. "आल्याचा दिवस मला सांगता येत नाही. पण तोंड प्रभूकडे आहे आणि मी येते आहे."

 साहेबांनी बायकांच्या सतरंजीकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि अक्काला विचारलं, एवढी वर्षं तुम्ही मला हेच सांगत होता? अक्काने नेहमीसारखी मान डोलवली. मला बाप्तिस्मा मिळाला.

पुढे काही वर्षांनी, मी धुळ्यात ज्या दवाखान्यात नोकरी करत होते तिथेच अक्काला आजारपणात आणलं. आपल्याकडे घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. अक्का तेव्हाही येसच म्हणायची. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"येस मी," ती म्हणाली.

कुठे निघालीस गं, असं मी विचारलं, थट्टेनेच. पण तेच तिचे शेवटचे शब्द ठरले.

तो मला निरोप होता की प्रभूला दिलेलं उत्तर, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. तिच्या बोलीत दोन्हीला शब्द एकच आहे. हल्ली तव्यावर भाकरी टाकली की मीही तोच म्हणते, डोळे उघडे ठेवून.