चिकटली ती पायाची, सटकली ती वासराची

बाकीची पोरं 'आई', 'बाबा' म्हणत बोलायला लागतात. हा पहिला शब्द बोलला तो 'शी'. दुधावरची साय बघून. पुढे जन्मभर त्याने त्या एका शब्दाशी संसार केला, असं त्याची आई सांगायची. शेजाऱ्यांच्या घरचं पाणी याला चालायचं नाही, दुसऱ्याच्या टॉवेलला हात लागला की तोंड असं करायचा, जणू पायाखाली पाल चिरडली. बहीण त्याला नाकमुरड्या म्हणायची. मोठेपणी डॉक्टर झाल्यावर लोकांनी त्याच नावाला जरा मान दिला आणि ते झाले नाकमुरडे डॉक्टर.

डॉक्टर म्हणजे गुरांचे. नशिबाची थट्टा कशी असते बघा! माणसांचा डॉक्टर व्हायला चार गुण कमी पडले आणि वडील म्हणाले, "डॉक्टर तो डॉक्टर. शिवाय पेशंट तक्रार करत नाही." तक्रार करत नाही हे खरं. बाकी वाट्टेल ते करतो, आणि नेमकं अंगावर करतो.

शहराबाहेरच्या मोठ्या गोठ्यावर गाभण तपासणं हे त्यांचं काम. खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा मोजा डाव्या हातात चढवायचा, शेपटी बाजूला करायची आणि हात शेणाच्या वाटेने आत घालायचा, पार खांद्यापर्यंत. आतड्याच्या भिंतीआडून खालची गर्भाची पिशवी चाचपायची. मोजा होता म्हणून काय झालं? वास मोज्याला भीत नाही. साबण, लिंबू, व्हिनेगर, सगळं करून झालं होतं. डॉक्टर डाव्या हाताला "हा" म्हणायचे, घरात ठेवून घेतलेल्या नावडत्या पाहुण्यासारखं. जेवताना 'हा' मांडीखाली. ब्रेडसुद्धा काट्याने खायचे. बायको लग्नानंतर वर्षभर काही बोलली नाही, मग एक दिवस उशी उचलून पलंगाच्या उजव्या बाजूला गेली ती कायमची. "तुमच्यावर राग नाही हो," ती म्हणाली, "पण 'ह्या'च्या शेजारी मला झोप लागत नाही." डॉक्टरांना तिचं काहीच चुकलं असं वाटलं नाही. त्यांना स्वतःलाही लागत नव्हती.

पण काम त्यांना यायचं. कॉलेजात एक म्हातारे सर होते. मेलेल्या गाईचं पोट उघडून ते रक्तवाहिन्या दाखवायचे, आणि नाकमुरडे रुमालाआडून बघायचे. पाठीच्या कण्याखालून येणारी मोठी धमनी कमरेपाशी फुटते. एक जाड फाटा कमरेच्या हाडाला धरून मागच्या पायात उतरतो. दुसरा ओटीपोटात वळतो, आणि त्याचीच एक शाखा गर्भाशयाकडे जाते, पडद्यात सैल लोंबत. आत हात घातला की दोन्ही जवळजवळच लागतात, आणि नवखा हमखास फसतो. म्हणून सरांनी एक ओळ पाठ करून घेतली होती: चिकटली ती पायाची, सटकली ती वासराची. चिमटीत धरून हलवायची. हाडाला चिकटून राहिली, तर पायाकडे जाणारी. बोटांतून सटकली, तर खरी. गाय गाभण असेल तर ही सटकणारी शीर फुगते आणि नुसते ठोके देत नाही, झरझरते. पाण्याच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबलं की पाइप हातात कसा थरथरतो, तशी.

आणि मधल्या महिन्यांत या शिरेशिवाय इलाज नसतो. वासराच्या वजनाने पिशवी पुढे घसरते, पोटात खोल जाऊन बसते, हाताला लागतच नाही. वाटतं, काही नाही, रिकामी आहे. खरं काय ते ती शीरच सांगते.

त्या दिवशी गोठ्यावर छाटणी होती. मालकाने दोन रंगखडू डॉक्टरांच्या हातात दिले. गाभण असेल तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर निळी रेघ, रिकामी असेल तिच्यावर लाल. निळीने गोठ्यात राहायचं. लाल संध्याकाळच्या ट्रकने कत्तलखान्यात, कायद्याची नजर चुकवून.

"शंका आली तर लालच ओढा," मालक दात कोरत म्हणाला. "ट्रक अर्धा जाण्यात काय अर्थ आहे?" कोरणी त्याने चाटली आणि खिशात ठेवली. डॉक्टरांनी तोंड वळवलं. शंका आली तर लाल! बोलायचं ते घशाशी आलं होतं, पण तोंड उघडलं तर माशी आत जाईल म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

सकाळभर हात आत, हात बाहेर. शेण, मूत, माश्या, शेपटीचे फटके. रांगेच्या शेवटी ढब्बी उभी होती. म्हातारी गाय, पोट हे एवढं लोंबतं. दूध काढणाऱ्या मावशीने तिला वासरू असताना बाटलीने पाजून वाढवली होती. मावशी तोंडाची फाटकी. मालकालाही दोन शब्द सुनवायला कमी करायची नाही. पण त्या दिवशी ती नुसती ढब्बीची शेपटी धरून उभी होती.

डॉक्टरांनी हात घातला. पिशवी लागेना. अजून पुढे गेले. एक जाड शीर बोटांखाली आली, टक टक टक, साधे ठोके. तेवढ्यात ढब्बी खोकली.

ज्याने गाईत हात घालून ठेवला असताना तिचा खोकला ऐकला आहे, त्याला पुढचं सांगायला नको. पातळ शेणाची पिचकारी थेट चेहऱ्यावर आली. चष्म्यावर, नाकात, आणि शी शी शी, तोंडात! डॉक्टरांनी हात उपसला, वाकले, थुंकले, ओकले. डोळे पुसता पुसता हाताला आला तो खडू घेतला आणि लाल रेघ ओढून टाकली.

"नीट बघितलंत ना डॉक्टर?" मावशी म्हणाली.

"रिकामी आहे!" डॉक्टर ओरडले आणि नळाकडे पळाले.

दुपारी डबा उघडलाच नाही. ते नळाशी हात धूत बसले. तीनदा साबण लावून झाला, चौथ्यांदा लावला. उजव्या हाताने 'ह्या'चा मागचा भाग घासताना फुगलेली शीर अंगठ्याखाली आली आणि साबणावरून सुळ्ळकन बाजूला सटकली. त्यांनी परत दाबली. परत सटकली.

अंगठा तिथेच थांबला.

ढब्बीच्या पोटातली ती जाड शीर सटकली नव्हती. हलवून बघितलीच कुठे होती म्हणा! पण आत्ता आठवत होतं, तिच्यामागे टणक हाड होतं. ती पायाची होती. वासराची शीर त्यांनी शोधलीच नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोराने करावी तशी चूक, आणि ती इतक्या वर्षांनी यांनी केली. का, तर तोंडात शेण गेलं म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा उचलला खडू लावला पुठ्ठ्याला! त्यांना स्वतःची अशी किळस आली, की इतकी शेणाची कधी आली नव्हती.

बाहेर ट्रकचं इंजिन घरघरायला लागलं.

डॉक्टर धावत गेले. लाल रेघांच्या गाई फळीवरून वर चढल्या होत्या, ढब्बी तेवढी खाली अडून उभी होती. ड्रायव्हर तिची शेपटी पिरगाळत होता आणि मावशी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"थांबा! हिला परत बघायचंय."

मोज्यांचा खोका उघडला तर तळ दिसला. सकाळीच संपले होते. कोपऱ्यात पिंपात वापरलेले मोजे पडले होते, हिरवे, चिकट, वर माश्यांचा थर. डॉक्टर पिंपापर्यंत गेले, आत डोकावले आणि उलट्या पावली परत आले. इकडे आड, तिकडे विहीर. सोडून द्यावं का? एकच तर गाय. म्हातारी आहे. रिकामीच असेल. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

त्यांनी घड्याळ काढून मावशीच्या हातात दिलं. मग लग्नातली अंगठी. मग बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि साबणाच्या बादलीत हात बुडवला.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "तसाच?"

"बोलू नका. बोललात तर मला ओकारी येईल."

उघडा हात आत गेला. गरम, ओलं, घट्ट. प्रत्येक घडी कातडीला कळत होती. घशाशी कडू आलं, त्यांनी गिळलं. कपाळ गाईच्या पुठ्ठ्यावर, लाल रेघेवरच टेकलं. हाडाशी ती जाड शीर आली. हलवली, हलली नाही. चिकटली ती पायाची. बोटं तिच्यावरून पुढे सरकली. काही नाही. अजून खोल. खांदा आत रुतला, गाल शेपटीच्या बुडाला लागला. आणि मग काहीतरी सैल, करंगळीएवढं जाड, चिमटीत आलं, आणि सटकलं.

त्यांनी ते परत पकडलं. हलकेच दाबलं.

झरझर झरझर झरझर. मोज्यातून इतकी वर्षं ते ओळखत आले होते, पण पडद्यामागचं बोलणं ऐकावं तसं. आज उघड्या बोटांवर ते मनगटापर्यंत चढलं. आत कुठेतरी खोल एक वासरू घटाघटा रक्त ओढत होतं, आणि सकाळीच त्याची रवानगी यांनी कत्तलखान्यात करून टाकली होती.

"काय आहे?" मावशीचा आवाज फाटला.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "पाच महिन्यांचं असेल."

मावशीने त्यांना एक कचकचीत शिवी दिली. मग ढब्बीच्या गळ्यात पडून रडायला लागली. पदर थुंकीने ओला करून ती लाल रेघ पुसायला लागली, ती काही निघेना.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला. कोपरावरून हिरवं ओघळत होतं. मालक आला होता. त्याने तो हात बघितला आणि दोन पावलं मागे सरकला.

"चालायचंच डॉक्टर, एखादी चुकते," तो म्हणाला. "हिला ठेवू आपण. जा, हात धुवा आधी. बघवत नाही."

डॉक्टर नळाकडे वळले. आणि थांबले. ट्रकच्या फळ्यांमधून लाल रेघांचे पुठ्ठे दिसत होते. ती भुरी. ती शिंगमोडी. तिच्या वेळी माश्या तोंडावर बसत होत्या. पलीकडचीने लाथ झाडली होती. कोणाची शीर हलवून बघितली होती आणि कोणाची नाही, काही केल्या आठवेना. शंका आली तर लाल, असं मालक म्हणाला होता. आणि सकाळी यांनी मान हलवली होती.

"खाली उतरवा," डॉक्टर म्हणाले.

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"अहो, मोजे संपलेत!" मालक ओरडला. "आणि तुम्ही नाकमुरडे! घाण नाही का वाटत तुम्हाला?"

"वाटते ना," डॉक्टर म्हणाले. "फार वाटते." आणि मावशीला म्हणाले, "पाणी बदलून आणा. साबण जास्त घाला."