दोरा बांधलेला तेरडा

भवानी पेठेत राजेसाबांना ‘तेरडेवाले’ म्हणत, ते काही कौतुकाने नव्हे. टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी संपली आणि या माणसाने गच्चीवर तेलाच्या डब्यांतून रानतेरडा लावला. बार्शीकडच्या डोंगरातला, फूल किरकोळ, पण रोप चिवट. त्याचे पराग बागेतल्या भरगच्च तेरड्याला लावायचे, आलेलं बी पुढच्या पावसाळ्यात पेरायचं, मनाजोगी नसतील ती रोपं उपटून टाकायची. यात वर्षं गेली. गेल्या साली मोसम सरता सरता एकाच रोपाला हवं तसं फूल आलं. दुहेरी, पांढरंशुभ्र, काठाला गुलाबी रेघ.

तेरड्याची पिकली शेंग हात लागताच फुटते, बी उधळतं. म्हणून त्यांनी बायकोला, जुलेखाला, त्या रोपाच्या कोवळ्या शेंगांना विडीचा दोरा गुंडाळायला लावलं. जन्मभर विड्या वळलेली तिची बोटं.

“अवो, विड्यांना दोरा पुरंना, आन ह्यांची नरडी कशाला आवळू?”

“पिकंस्तोवर राहू दे की. मग सोड.”

“म्हंजे बांधायचं बी मीच, सोडायचं बी मीच!”

त्याच आठवड्यात, मांडीवर विड्यांचं सूप असतानाच, जुलेखा गेली.

मुलगी गुलनाज अक्कलकोटहून आली. बायका कब्रस्तानात जात नाहीत. तिने फुलांची टोपली भावकीतल्या माणसांबरोबर धाडली. माती लोटून झाल्यावर कुणीतरी ती राजेसाबांच्या हाती दिली. त्यांनी फडकं सारलं. पांढरी फुलं, गुलाबी काठ. देठाला हिरव्याकच्च शेंगा, शेंगांना दोरा. कच्चं बी रुजत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी टोपली कबरीवर रिती केली.

घरी गुलनाज दारातच होती.

“अब्बा, बाकीच्या झाडांना न्हाय हात लावला. दोरा बांधलेलंच तेवढं घेतलं. अम्मीनं तयार करून ठेवलेलं.”

तिचंही खरं होतं. त्या घरात दोरा बांधला की काम झालं, माल विडी कारखान्यात जायचा. ती तेच बघत वाढली होती.

“बरं केलंस, बेटा,” राजेसाब म्हणाले. “लई शोभून दिसलं.”

यंदाही पाऊस झाला. डब्यांतून जुनाच गुलाबी, एकेरी तेरडा दाटीने उगवला. राजेसाबांनी पाणी घातलं. एकही रोप उपटलं नाही.