तीनशे मेंढ्यांनी मऊ केलेलं मैदान

"घसर! घसर की गं! काय हुत न्हाय, खाली मऊ हाय!"

मंद्रूपच्या माळावर हा आवाज असा घुमला, की पलीकडे कर्नाटकात लोकांनी दारं उघडून बाहेर पाहिलं असणार. ओरडत होते बिराप्पा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि पाय मैदानाच्या आखलेल्या रेषेच्या चांगले आत. ज्या पोरीला ते घसरायला सांगत होते ती त्यांची लेक सविता. तीन राज्यांतल्या क्लबांकडून पगार घेऊन खेळलेली फुटबॉलमधली बॅक (गोलाच्या अलीकडे उभी राहून समोरच्याला अडवणारी खेळाडू). आणि ती काही केल्या घसरत नव्हती.

मी तिथं कसा पोचलो ते आधी सांगतो. त्यात थोडं पाप आहे. दोन वर्षांमागं कोल्हापुरात मी सविताचा एक सामना पाहिला आणि साताऱ्याला येऊन आमच्या कट्ट्यावर सहज म्हणालो, पोरगी मला ओळखते. पुढच्या आठवड्यात ती मला मामा म्हणू लागली. दिवाळीपर्यंत तिला पहिला चेंडू मीच आणून दिलेला होता. शेवटी कट्टेकरी म्हणाले, "मग भाचीला एकदा भेटून या की. गुडघा मोडून घरी बसलीय म्हणे."

निघालो. करतो काय?

सोलापूरला उतरलो तेव्हा ऊन असं होतं, की माणसांच्या सावल्यासुद्धा सावली शोधत होत्या. आलो होतो याचा पुरावा हवा, म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिरून एक टॉवेल घेतला. तिथल्या यंत्रमागांची खटाखट कानात बसली ती मंद्रूपच्या एस्टीतही थांबेना. तिच्या ठेक्यावर डुलक्या घेत होतो. खिडकीबाहेर ज्वारीची रानं, बाभळी, मधेच एखादा एकटा खांब. हे सगळं पुढं कुणीतरी विणत चाललंय आणि आमची गाडी त्या ओल्या रंगाच्या कापडावरून हलकेच सरकतेय, असं वाटत राहिलं.

बिराप्पांच्या वस्तीपाशी उतरलो, तर काळ्यापांढऱ्या ढगाचा एक तुकडा जमिनीवर उतरून चरत होता. जवळ गेल्यावर तो बें म्हणाला.

बिराप्पांनी नाव विचारायच्या आधी ताट पुढं केलं. कडक भाकरी (पापडासारखी मोडणारी) आणि शेंगाचटणी. त्या चटणीनं माझ्या डोळ्यांतून इतकं पाणी काढलं, की तालुक्याचे टँकर एक दिवस बंद ठेवता आले असते.

"कुटनं आलं म्हनायचं पावनं?"

"साताऱ्याहून. तुमच्या मुलीचा खेळ पाहिलाय मी." मामापणाचं प्रकरण मी भाकरीबरोबर गिळून टाकलं.

सविता तांब्या घेऊन आली. गुडघ्यावर वीतभर व्रण. मी विचारलं, आता कसं आहे?

"डाक्टर म्हनतेत, बरा झालाय. क्लबबी बोलावतोय. आज सांजंपतूर हो का न्हाय ते कळवायचं हाय."

"मग?"

"बॅकला घसरून बॉल काढता आला पायजे, मामा. मोडल्यापासनं एकदाबी घसरले न्हाय. गुडघा तयार हाय, मीच न्हाय. आज सोलापूरचा संघ येतोय, गावातल्या पोरी घिऊन त्यांच्याशी खेळून बगते. जमलं तर जाते, न्हायतर न्हाय."

इकडं लेकी-सुना कुठल्याही पाहुण्याला मामा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी अर्धा फूट उंच झालो.

दुपार कलल्यावर माळावर गेलो आणि वासानं थबकलो. गोलापासून गोलापर्यंत मेंढ्यांच्या लेंड्यांचा गालिचा!

"चार रात्री वाघर लावली हितं (वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी)," बिराप्पा अभिमानानं म्हणाले. "लोकं रानात मेंढ्या बसवून घेतेत, रान मऊ हुतंय. म्हनलं, पोरीला पडायला मैदान मऊ करू."

सवितानं कपाळाला हात लावला. "आप्पा, ह्यो मुरूम हाय! मुरूम मऊ हुतोय व्हय?"

"पडून तर बग."

सोलापूरहून आलेल्या संघाची शबाना, वाऱ्याच्या पायांची पोर, नाकाला ओढणी लावून म्हणाली, "बाजी (ताई), ये मैदान है की गोठा?"

खेळ सुरू झाला. शबाना दोनदा सविताला मागं टाकून गेली. दोन्ही वेळा सविता वाकली, आणि उभीच राहिली. "उभ्या उभ्याच खेळनार का बाजी?" शबाना हसली. बिराप्पा हसले नाहीत.

तिसऱ्यांदा शबाना एकटी गोलावर निघाली, आणि तेव्हाच तो कर्नाटकापर्यंतचा आवाज फुटला. "घसर की गं!"

कानातली खटाखट थांबली. सविता खाली गेली. उन्हात लेंड्या काळ्या मोत्यांसारख्या उधळल्या आणि तिथंच तरंगत राहिल्या, खाली यायची कुणालाच घाई नव्हती. चेंडू रेषेबाहेर निघून गेला. सविता उताणी पडून आभाळाकडं बघत होती. सगळा माळ तिच्या गुडघ्याकडं बघत होता. बिराप्पांच्या हातची काठी कधी पडली, त्यांनाही कळलं नाही.

मग तिनं पाय दुमडला. सरळ केला. पुन्हा दुमडला. आणि हसायलाच लागली.

कट्ट्यावर आता मी सांगतो, की ती घसरत पार हद्दीवरच्या दुधनीपर्यंत गेली आणि परतीला एस्टी धरून आली. खरं म्हणजे चार हात. पुरावाही उरला नाही; माझा नवा टॉवेल तिनं पाय पुसायला मागून घेतला. इतकं खोटं बोलत आलो, पण चार हात घसरायला माणसाला काय काय लागतं, ते मात्र मला अजून वाढवून सांगता येत नाही. त्यानंतरचं बोलणंही मी जसंच्या तसं सांगतो. टॉवेलनं गुडघा पुसता पुसता, मान वर न करता तिनं विचारलं,

"आप्पा, उद्या सोलापूरला पयली एस्टी कितीला हाय?"

बिराप्पा वाघर गुंडाळत होते.

"साडेसाला."