आत्याचा राग आणि माझे दात

भोर तालुक्यात राग माझ्या थोरल्या आत्यानं आणला, असं माझं ठाम मत आहे. तिच्याआधी इथले लोक फार तर नाराज होत असावेत. उत्रोलीच्या तिच्या घरात सकाळ रागानंच उजाडायची. एसटी उशिरा आली की ती एसटीवर चिडायची आणि वेळेवर आली की आजच बरं सुचलं म्हणून चिडायची. भात मऊ झाला तर राग तांदळावर, फडफडीत झाला तर माझ्यावर. लग्नात फोटोवाला जवळ आला की त्याला असं झापायची, की बिचारा नवरानवरीला सोडून पळायचा. त्यातच एकदा गावात काविळीची साथ येऊन गेली आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्यातून काढायचा तिचा कायदा झाला. पाहुण्यांनी आणलेली द्राक्षंसुद्धा त्यातून सुटली नाहीत.

भोरच्या पतपेढीत नोकरी लागल्यावर मी तिच्याकडेच राहत होते. माझे वरचे दात पुढे आलेले. तारा लावायच्या म्हणजे दातांवर धातूची बटणं चिकटवायची, त्यांतून तार ओवायची, ती दर महिन्याला आवळून घ्यायची, आणि हे सगळं अख्ख्या बाजारपेठेला दिसणार. मला लाज वाटत होती. म्हणून पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडून तेव्हा नवेच आलेले अलाइनर घेतले. दातांच्या मापाचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. एकाचं काम झालं की त्याहून किंचित सरळ असा दुसरा. जेवताना तेवढा काढायचा. एकदा मी तो वाटीत काढून ठेवला आणि पाणी आणायला उठले. तेवढ्यात आत्यानं तो कायद्याप्रमाणे उकळत्या पाण्यात टाकला. निघाला तो आकसून, वाकडातिकडा, कुणाच्याच तोंडात न बसणारा. मी जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. माझं एक तोंड नीट होत होतं तेही तुला बघवलं नाही, असं काहीबाही बोलले. तिला राग आला, पण डॉक्टरचा.

दुसऱ्याच दिवशी तो साचा स्टीलच्या डब्यात घालून ती मला घेऊन पुण्याला निघाली. “ज्याला ऊन पानी सोसत न्हाई, त्ये दात काय हलवनार?” तिनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. साचा दात हळूहळू ढकलतो, पण तोंडात असेल तेवढा वेळच. तार चिकटलेली असते, ती रात्रंदिवस ओढते, तुमची मर्जी विचारत नाही. बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “आजी, तुमचेही दात बघू का?” आत्या ताडकन उठली आणि बाहेर गेली.

परतीच्या एसटीत कापूरहोळ मागे पडलं. मग आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “माजे बी तुज्यावानीच हायेत. ल्हानपनी लई हसायचे लोक. मंग म्या रागवाया शिकले. रागावलेल्या बाईला कुनी हस म्हनत न्हाई.”

इतकी वर्षं तिच्या रागाकडे बघता बघता मी तिचे दात कधी बघितलेच नव्हते.

पुढच्या खेपेला मी अलाइनर नको म्हटलं आणि तारा बसवून घेतल्या. भोरमध्ये जो टक लावून बघेल त्याच्याकडे बघून तोंडभर हसायचं, असं ठरवूनच टाकलं. आत्या त्यावरही चिडली. तारांमुळे मला कणीस चावता येईना, तर चिडत चिडतच एकेक दाणा काढून ताटलीत ठेवायची.

माझे दात सरळ झाले. आत्या आता नाही. तिला पहिल्यांदा कोण हसलं, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि ते माणूसही एव्हाना गेलं असेल. तरी मला त्याचा राग येतो. रात्री भांडी घासताना अचानक येतो, आणि काही केल्या जात नाही.