आठ आकड्यांमधली जागा

मिठाचे चार डबे एका लोखंडी पट्टीवर स्क्रूनं पक्के करून घेणाऱ्या बाईला काय म्हणाल? मी करून घेतले होते. सणसवाडीत माझी खानावळ होती. शेगड्या चार, बायका चार आणि मिठाचा डबा एक. त्यावरून रोज भांडणं. मग मी प्रत्येकीला वेगळा डबा आणला, आणि कुणी घरी नेऊ नये म्हणून चारही एका पट्टीवर बसवले. स्वतःच्या अकलेवर इतकी खूश, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

माझी भाची सुनंदा गेली, त्याला सहा आठवडे झाले. दौंडहून तिच्या भावाचा फोन आला आणि मला आठवली ती पट्टीच... रडता रडता हसू फुटलं. घरच्यांना वाटलं, म्हातारी फिरली.

सुनंदा दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. पुण्यात एका कंपनीत ती कॉम्प्युटरच्या कर्नलवर, म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामवर, काम करायची. त्या मशीनला आठ प्रोसेसर, आणि त्यांना मेमरी वाटून देणारा भाग हिच्याकडे. गंमत अशी, की चार प्रोसेसरवर झरझर होणारं काम आठांवर रखडायचं. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर काम दुसऱ्याला देणार, असं साहेबांनी सांगितलेलं. दीड वर्ष तिनं त्यात घातलं होतं. रविवारी माझ्याकडे आली ती तोंड एवढंसं करून. आणि मी शहाणी काय म्हणाले? "जाऊ दे गं, माझ्याकडं वाढायला ये." तिनं असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलंच.

कारखाना रविवारीही चालू, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. बाकांवर माणसं खोळंबलेली, भोंगा व्हायच्या आत ताटं जायला हवीत, आणि आत जुंपली.

"अगं, माझी डाळ बेमीठ हाय, आन् तू समदंच घिऊन कुठं चाललीस?" शेगडीवरची शेवंता ओरडली.

"माझाच डबा घेतलाय की!" दुसरी म्हणाली.

"तुझ्यासंगं माझा बी गेला न्हवं!"

सुनंदाचा घास हातातच राहिला. "मावशी, डबे वेगळे, मग भांडण कसलं?"

"पट्टी एक आहे ना," मी तोऱ्यात.

ती उठली. जेवायला बसलेल्या एका फिटरकडून पेचकस घेतला, चारही डबे सोडवले आणि एकेक डबा एकेका शेगडीपाशी नेऊन ठेवला. ताटं भराभर बाहेर. ती मात्र तिथंच उभी, कपाळाला घाम.

"मी पण हेच केलंय," ती हळूच म्हणाली. तिनं प्रत्येक प्रोसेसरला किती मेमरी मोकळी आहे याचा वेगळा आकडा दिला होता, पण आठही आकडे शेजारी शेजारी. प्रोसेसर सुटा आकडा उचलतच नाही. आजूबाजूचा अख्खा पट्टा आपल्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या छोट्या साठ्यात, ओढून घेतो. एकानं आपला आकडा बदलला की इतरांकडचा तो पट्टा बाद, पुन्हा आणायचा. आठ जणांची नुसती ओढाओढ.

"मग आता?"

"आकडे लांब लांब ठेवायचे. मधे मोकळी जागा."

"नुसती रिकामी? काहीच न ठेवता? केवढी नासाडी गं!"

"मावशी, तू आता बोलू नकोस," म्हणाली आणि अर्धं ताट टाकून पुण्याची एसटी पकडायला पळाली.

सोमवारी दुपारपर्यंत फोन वाजेना. मी दोन भाज्या करपवल्या. शेवटी वाजला. "मावशी, आठही पळतायत..." काम तिच्याकडेच राहिलं. पुढं आजारपणानं सुटलं तेवढंच.

ते काम आता तिच्या सहकाऱ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तो मला भेटायला शिरूरला, मी आता राहते तिथं, आला होता. मी विचारलं, तिचं केलेलं काही उरलंय का रे? तो म्हणाला, "आजी, त्या मोकळ्या जागा मी एकदा काढून टाकल्या होत्या. वाटलं, उगाच आहेत. मशीन रखडायला लागलं... मग जशा तिनं सोडल्या होत्या, तशाच परत सोडल्या."