पाठमोरी माणसं

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान ओतकामाच्या कारखान्यात होते. भट्टीत लोखंड वितळवायचं, ते मोठ्या बादलीत घ्यायचं, बादली साखळीने साच्यांवर न्यायची आणि चाक फिरवून ओतायची, हे त्यांचं काम. वितळलेल्या लोखंडाला ती माणसं नुसतं रस म्हणतात. मेहुणे दिवसभर शीळ घालत, म्हणून सगळे त्यांना 'शिट्टी' म्हणत. ओतताना मात्र त्यांच्या तोंडून आवाज येत नसे.

एके दिवशी बादलीचा आकडा सुटला आणि रस त्यांच्या डाव्या पायावर आला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

नुकसानभरपाईचा अर्ज केला तेव्हा मालकाचं उत्तर आलं: त्या वेळी काम बंद होतं, ओतायला कोणी सांगितलं नव्हतं, या माणसाने आपल्या मनाने बादलीशी खेळ केला. मुकादमाने तसं लिहून दिलं होतं.

"खेळ केला!" बहीण म्हणाली. "दादा, हे घरात पोरांशी कधी खेळले नाहीत, ते तिकडे बादलीशी खेळणार?"

तिनेच वकीलबाई शोधल्या. त्यांची कचेरी चष्म्याच्या दुकानावर होती. जिना अरुंद, त्यामुळे मेहुण्यांना वर नेताना कुबड्या माझ्या हातात आणि ते माझ्या खांद्यावर. अशा कामांत मी मागे राहणारा माणूस. पण बहिणीला दुसरं कोणी नव्हतं.

बाईंना सर्दी झाली होती. रुमालातून नाक न काढता त्यांनी सगळं ऐकलं.

"शेडमध्ये माणसं किती असतात?"

"असतात की बरीच."

"मग कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही," मेहुणे म्हणाले.

"भरदिवसा, भरलेल्या शेडमध्ये, तुम्हाला कोणीच पाहिलं नाही? काका, तुम्ही भूत आहात का?"

"अर्धा झालोय बाई. एक पाय अजून शिल्लक आहे."

बाई हसल्या. बहीण हसली नाही. उतरताना मेहुणे माझ्या कानाशी म्हणाले, "दादा, कधीकधी वाटतं, मी खरंच होतो ना तिथे?" त्यांचा श्वास मानेवर गार लागला. मी त्यांना पुढची पायरी दाखवली.

साक्षीदार शोधायला बाईंनी मलाही बरोबर घेतलं, कारण घरं मला माहीत होती.

साचे बनवणारा घरी भाजी चिरत होता. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, अगदी मोकळेपणी बोलला. बाईंनी त्या दिवसाचा विषय काढला, तेव्हा तो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि भिंतीला म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. माझी पाठ होती." मग वळून पुन्हा भाजी चिरायला बसला. आपण उठलो होतो हे त्याला कळलंच नसावं.

साखळी ओढणारा आम्हाला त्याच्या अंगणात भेटला. तो सायकल पुसत होता. त्यानेही तेच केलं. कुंपणाकडे तोंड, हात दोन्ही बाजूंना सरळ. "पाहिलं नाही. पाठ होती." शब्द तेच. आवाजही, काय सांगू, तोच वाटला.

रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "मालकाने पढवलंय यांना."

"पढवलेला माणूस तोंडाकडे बघून बोलतो हो," मी म्हणालो आणि मग मधे बोललो म्हणून ओशाळलो. बाई मात्र चालायच्या थांबल्या.

तिसरी होती वाळू चाळणारी मावशी. दार उघडून बाईंचा काळा कोट पाहिला आणि ती पाठमोरी झाली. आम्ही तिच्या अंबाड्याशी बोलत होतो.

"पाठ होती माझी," ती म्हणाली.

"मावशी, पाठ का होती?" बाईंनी विचारलं.

"का म्हणजे? हाक आली की पाठ करायची. रसाकडे फार डोळे लागले की तो बिथरतो."

"हाक कोण देतं?"

मावशीच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिलेले मला दिसले. मग तिने मागे न बघता, हात मागे आणून दार लावून घेतलं.

बाई तशाच बहिणीच्या घरी आल्या. "काका, ओतायच्या आधी हाक येते आणि सगळे पाठ करतात, हे मला का नाही सांगितलं?"

मेहुणे गोंधळले. "त्यात सांगायचं काय? मुकादम हाक देतो, ओतताना पाठ करतातच. तुमच्याकडे नाही करत?"

"आमच्याकडे रस कुठून आणू?" बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "अहो, काम बंद असतं तर ती माणसं पाठ करून कशाला उभी राहिली असती? तुम्हाला कोणी पाहिलं नाही, हाच आपला पुरावा."

"मला त्यांची तोंडं नीट आठवत नाहीत," मेहुणे एकदम म्हणाले. "पाठी आठवतात. प्रत्येकाची."

सुनावणीची खोली लहान होती. समोर निकाल देणारे साहेब, बाजूच्या बाकावर कारखान्यातली माणसं. ती सगळी पुढच्या फरशीकडे बघत बसली होती. मालकाच्या वकिलाने एकेकाला विचारलं, पाहिलंस का? प्रत्येकाने सांगितलं, नाही. वकील खुशीत होता. मग मुकादम उभा राहिला. गळ्याशी बटण लावलेला, जाडजूड माणूस. त्याने सांगितलं की त्या वेळी आपण कसलीही हाक दिली नव्हती.

"एरवी कशी देता?" बाईंनी विचारलं.

"देतो आपली."

"जरा देऊन दाखवा. साहेबांनाही कळू दे."

मालकाचा वकील ताडकन उठला. साहेबांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"पाठ," मुकादम पुटपुटला.

"अहो, भट्टीच्या आवाजात हे कोणाला ऐकू जाईल? शेडमध्ये देता तशी द्या."

मुकादमाने ओठांवरून जीभ फिरवली. मग छाती भरून ओरडला, "पाठ!"

बाक करकरला. मावशी, साचेवाला, साखळीवाला, सगळे एका दमात उठले आणि भिंतीकडे वळले. मुकादमही वळला. एकही मान हलत नव्हती. पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"बसा खाली," साहेब म्हणाले.

कोणी बसलं नाही.

"मी काय म्हणतोय? बसा."

बहिणीने माझी बाही घट्ट धरली होती. मेहुणे हळूच म्हणाले, "साहेब, ते तुमचं ऐकणार नाहीत. ओतणारा 'झालं' म्हणेपर्यंत कोणी वळत नाही."

"आणि त्या दिवशी?" साहेबांनी विचारलं.

"त्या दिवशी मी ओरडत होतो. 'झालं' म्हणायचं राहून गेलं."

साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग भिंतीकडून मावशीचा आवाज आला. "ऐकू येत होतं आम्हाला. वासही येत होता. 'झालं' येईना. आम्ही उभेच." थोडं थांबून ती म्हणाली, "शेवटी मी वळले."

"हाक आली होती?" बाईंनी विचारलं.

"आली होती," साचेवाला भिंतीला म्हणाला.

"आली होती," साखळीवाला म्हणाला.

आणि त्याच रांगेतून, त्याच आवाजात, मुकादम म्हणाला, "दिली होती मी."

मालकाच्या वकिलाने त्याला नावाने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. मेहुण्यांनी कुबडी टेकली, उभे राहिले आणि म्हणाले, "झालं."

सगळे वळले. प्रत्येकाचा चेहरा घामाने भिजला होता. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग मेहुण्यांच्या दुमडून पिन लावलेल्या पॅन्टकडे.

निकाल आमच्या बाजूने लागला. मालकाने वरच्या कोर्टात जायची धमकी दिली. बाई म्हणाल्या, जाऊ दे की, मी पण येते. पण तो गेला नाही. भरपाई मिळाली, नवा पाय बसवून मिळाला. तो बहिणीने दाराआड उभा करून ठेवलाय, कारण मेहुणे म्हणतात चावतो.

निकालानंतर मुकादम बहिणीच्या घरी आला होता. मी तिथेच होतो. त्याचं काम सुटलं होतं. बहीण दारात आडवी उभी राहिली.

"येऊ दे त्याला," मेहुणे आतून म्हणाले.

तो आत आला, बसला नाही. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "शिट्टी, बघू का?"

मेहुण्यांनी पायजमा वर सरकवला. मुकादमाने एकदा पाहिलं आणि त्याची मान भिंतीकडे जाऊ लागली.

"इकडे," बहीण म्हणाली. "नीट बघा. घाई नाही कोणाला."

मुकादम खाली बसला आणि बघत राहिला. बाहेर उन्हं उतरली, खोलीत दिसेनासं झालं, तशी बहिणीने उठून दिवा लावला.